न सांगता खाल्लेलं जेवण

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडववाल्यानं खुर्च्या कमी पाठवल्या आणि मी त्याला भर अंगणात झापलं. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. नवरा जाऊन आठवडा झाला नाही आणि ही खुर्च्यांसाठी भांडते, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेजारची शेवंता जवळ आली, माझा हात धरून म्हणाली, "रड ना वो बाई, रडून घे. असं कोंडून ठेवशील तं छातीत बसंल." मी म्हटलं, "कोंडून नाई ठेवलं. येऊनच नाई राहिलं तं का करू?" तिला ते पटलं नाही. मलाही त्याचा अर्थ लागला नव्हता, पण मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं रडायचं कशाला?

खरं सांगते, मला काहीच होत नव्हतं. भंतेजी बोलत होते आणि माझं लक्ष त्यांच्या चष्म्याच्या तुटक्या दांडीकडे होतं. प्रशिक नागपूरहून आला, माझ्या गळ्यात पडून रडला. मी त्याची पाठ थोपटली आणि मनात म्हटलं, पोरगं वाळलं आहे, सून डब्यात काय देते कोण जाणे. लोक जेवून गेले, भांडी घासून झाली, मांडव उतरला. मग मी अंगणात बसले आणि वाट पाहिली, आता तरी येईल म्हणून. पाय खाजत होते, एवढंच. मच्छर फार झाले होते.

तुम्ही गेलात तेही तुमच्या स्वभावाला धरून नव्हतं. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, निघायच्या आधी दोनदा घंटी मारणारा. जाताना मात्र काही सूचना नाही. दुपारचा चहा झाला, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर फिरायला गेलात, बसलात आणि बसूनच राहिलात. गुराख्याला वाटलं, कंडक्टरभाऊ पाण्यावरची पाखरं पाहून राहिले. त्यानं जाताना हाक मारली, येताना हाक मारली, तेव्हा त्याला शंका आली. चौघांनी खाटेवर घालून आणलं तेव्हा मी लाखोरीची डाळ निवडत होते. कोणीतरी म्हणालं, "काकू, पाटी खाली ठेवा." मी ठेवली.

ज्या विषयावर आपलं त्या दुपारी भांडण झालं होतं, तो विषय तसाच राहिला. मला अर्धवट काम आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून हे लिहीत बसले आहे. मधे बरंच काही घडलं, ते तुम्हाला सांगायला पाहिजे.

आधी आपलं पहिलं भांडण घेऊ, कारण दुसरं त्यातूनच निघालं. तुम्ही रिटायर झालात आणि म्हणालात, "मी बोधगयेले जातो. पायी. एकटा." मला वाटलं, गंमत करता. इथून लोक जातात की. यात्रा कंपनीची बस असते, सोबत आचारी असतो, सारनाथ-कुशीनगर सगळं दाखवून घरी आणून सोडतात. शेवंता आणि तिचा नवरा जाऊन आले, फोटो काढून आणले, पिंपळाचं पान फ्रेम करून भिंतीला लावलं. मी म्हटलं, "बसनं चला ना, मी पन येतो." तुम्ही म्हणालात, "जिंदगीभर बसच केली. आता बस नोको." मी म्हटलं, "मंग मी पायी येतो." तुम्ही म्हणालात, "तू सोबत आलीस तं मी तुह्याकडंच पाहात राहीन. थकली का, भुकेली का, करत. माह्या पाठीमागं सदा पन्नास लोक बसलेले असायचे, सुमन. एकदा मांगं कोनी नसताना चालून पाहू दे."

मला ते लागलं. मी तुमच्या पन्नास पॅसेंजरांतली एक, असं झालं ते. दोन दिवस मी बोलले नाही. तुम्हाला ते कळलं की नाही, मला आजवर माहीत नाही, कारण तुम्ही त्या दोन दिवसांत बूट घालून कालव्याच्या काठानं सराव करण्यात गुंग होतात.

विहारातही तुम्हाला बोलणी बसली. लोक म्हणाले, "हे तीर्थयात्रा, पायी चालनं, नवस-सायास आपलं नोहो. बुद्धानं कुठं सांगितलं तीर्थ करा म्हनून?" तुम्ही सगळ्यांसमोर उठून उभे राहिलात. एरवी सभेत तोंड न उघडणारा माणूस. म्हणालात, "मी तीर्थाले नाई चाललो. तो मानूस सारं आयुष्य पायी हिंडून लोकायले सांगत राहिला. ते वाचून मले नाई समजत. पायाले समजलं तं समजंल." घरी येताना मला तुमचा अभिमान वाटला होता, पण अबोला चालू असल्यामुळे सांगता आलं नाही. तो आता सांगते.

धान घरात आलं आणि तुम्ही निघालात. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्यावर थैली, गोठणगावच्या तिबेटी कॅम्पातून आणलेला स्वेटर. गोंदिया, बालाघाट, पुढं मंडला, मग रीवा, मिर्झापूर करत सारनाथ, तिथून गया. तुम्ही मला सगळा रस्ता तोंडपाठ म्हणून दाखवला होता, जणू मी तिकीट काढणार होते.

रोज संध्याकाळी फोन यायचा. "जय भीम, सुमन." घरच्या बायकोला जय भीम घालून बोलायला सुरुवात करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मीही मग सभेत उत्तर द्यावं तशी "जय भीम" म्हणायची आणि विचारायची, "जेवलात का?" तुम्ही सांगायचात. आज शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो, आज एका सरदारजीच्या ढाब्यावर, आज कुत्रं मागं लागलं. पायाला फोड आले, फुटले, पुन्हा आले. जंगलातल्या रस्त्यानं तासन् तास माणूस दिसत नाही, तेव्हा काय करता, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "पयले पयले गानं म्हनत होतो. आता गप चालतो. बरं वाटते." मला इकडे घर खायला उठत होतं आणि तुम्हाला तिकडे बरं वाटत होतं. असो.

मग ती संध्याकाळ आली. फोन उशिरा आला. "जेवलो," एवढंच म्हणालात. कुठं, तर "एका गावात. चांगलं जेवन झालं." दुसऱ्या दिवशी आवाज बारीक. तिसऱ्या दिवशीही तसाच. मला वाटलं, ताप आहे आणि लपवून राहिले. प्रशिकला म्हटलं, बापाला परत बोलाव. पण तुम्ही चालत राहिलात, पुढची सगळी वाट, आणि माघाच्या शेवटी गयेला पोचलात.

त्या झाडाखालून तुम्ही फोन केलात. मी अंगणवाडीतून नुकतीच घरी आले होते. शेवंतालाही बोलावून घेतलं ऐकायला. एवढी पायपीट करून माणूस पोचला, आता काय सांगतो म्हणून आम्ही दोघी कान लावून बसलो. तुम्ही म्हणालात, "झाड पाह्यलं. मोठं हाय. खाली बसलो घंटाभर." आणि म्हणालात, "सुमन, मंडल्याकडच्या त्या बाईले मी सांगाले पायजे होतं." शेवंता माझ्याकडे पाहायला लागली. कोण बाई? मी तिला घाईघाईनं चहा ठेवायला आत पाठवलं.

मग तुम्ही ते सगळं सांगितलं. मंडल्याच्या अलीकडे, नर्मदेच्या काठचं एक गाव. तुम्ही शेतातल्या पायवाटेनं मागच्या बाजूनं गावात शिरलात. अंगात कसर होती, पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. पहिलंच घर, अंगणात एक म्हातारी. पांढरे कपडे, थैली, हातात काठी, आणि दिवस परिक्रमेचे. तिला वाटलं, नर्मदेची परिक्रमा करणारे बाबा आले. ती हात जोडून म्हणाली, "नर्मदे हर." तुमच्या तोंडातून 'नर्मदे हर' निघेना आणि 'जय भीम'ही निघेना. तुम्ही नुसते हात जोडले. झालं. तेवढ्यावर ती धावत आत गेली, लोटा घेऊन आली आणि तुमच्या पायांवर पाणी ओतलं. मग ओट्यावर बसवून वाढलं. रोट्या, कुळथाची डाळ, टमाटरची चटणी. तुम्ही जेवलात, ओट्यावरच झोपलात. सकाळी निघताना तिनं लांबूनच जमिनीला डोकं टेकलं.

तुम्हाला पुलावरून नदी ओलांडायची होती. परिक्रमावाल्यानं नर्मदा मधेच ओलांडायची नसते, ओलांडली की परिक्रमा मोडली, हे तुम्हाला कुठं माहीत? तुम्ही पुलावर चढलात आणि मागून गावातले लोक ओरडत आले, "महाराज, पुल मत चढ़ो! परिक्रमा खंडित हो जाएगी!" घाटावरच्या बायकाही ओरडायला लागल्या. तुम्ही एकदा मागं पाहिलं. ती म्हातारीही त्यांच्यात होती. तेव्हा थांबून दोन शब्द बोलायचे, तर तुम्ही हात हलवला आणि भराभर पलीकडे निघून गेलात. "मले भेव वाटलं," असं तुम्ही फोनवर म्हणालात. "कायचं भेव, ते नाई समजलं."

मी हसले होते. एवढं तोंडावर हसू नव्हतं यायला पाहिजे, पण आलं. नर्मदेला फेरा घालायला निघालेला आमचा कंडक्टर आणि त्याची मोडलेली परिक्रमा. तुम्ही मात्र हसला नाहीत.

घरी आलात आणि वर्षभर तेच. जेवताना तेच, निंदण करताना तेच. तुमचं म्हणणं असं, "तिनं परिक्रमावाल्याले वाढलं. मी परिक्रमावाला नाई. म्हन्जे ते मले देल्लंच नाई. न देल्लेलं मी घेतलं." पंचशील रोज म्हणणारे आपण, पण त्यातलं दुसरं शील एवढं ताणून धरणारा माणूस मला तुमच्यासारखा भेटला नाही. मी म्हणायची, "भुकेल्याले देल्लं, भुकेल्यानं खाल्लं. मी अंगणवाडीत इतके पोरं जेवू घातले, कोनाले विचारलं नाई का तू कोनाचा म्हनून." तुम्ही म्हणायचात, "तू वाढनारी होतीस. मी खानारा होतो. फरक पडते."

एकदा कालव्यावर पाणी सोडायला गेलो होतो, तेव्हा तुम्ही खरं काय ते बोललात. "माह्या बाबाले मालगुजाराच्या घरी पानी मिळे ते ओंजळीत, वरून. त्यायची ओंजळ भरून सांडे तरी लोटा टेकत नोयता. अन् मले त्या बाईनं पायावर पानी ओतलं, सुमन. आपल्या खानदानीत कोनाच्या पायावर कोनी पानी ओतलं? पन ते माह्या पायावर नोयतं. तिले मालूम असतं, तं तिनं ओतलं असतं का? एवढंच मले पायजे. जाऊन विचारतो."

मी म्हटलं, "अन् नाई म्हनली तं? थाळी फेकली, ओटा धुतला, असं म्हनली तं? एक रोज सुखानं जेवलात ना? तं राहू द्या ना तसंच. कायले विचारता?"

"खोटं सुख हाय ते."

"असंल खोटं. पन हाय ना!"

हे माझं मत होतं आणि ते फुकटचं नव्हतं. विचारल्यावर काय काय ऐकावं लागतं, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नव्या गावात बदली झाली की आडनाव ऐकून घरमालकिणीचा चेहरा कसा बदलतो, ते तुम्ही ड्युटीवर असायचात, मी पाहायची. म्हणून मी म्हणायची, दार ठोठावू नका. आत काय आहे ते माहीत नसलेलंच बरं. त्या शेवटच्या दुपारीही आपण हेच बोललो. धानाची चुरणी, मळणी झाली होती, तुम्ही गाडीचं टाईम विचारून आला होतात. मी म्हटलं, "जा ना, कोन अडवते? पन ते बाई काही बोलली तं घरी येऊन तोंड पाडून बसजा नोको." तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि पाळीवर फिरायला गेलात.

हे शेवटचं बोलणं झालं म्हणून मला वाईट वाटतं का, ते मी शोधत होते. सापडत नव्हतं. मला फक्त राग होता की तुम्ही उत्तर न देता उठून गेलात.

मग एक दिवस सकाळी मी लुगडी थैलीत भरली. प्रशिक फोनवर म्हणाला, "माय, कायले जातेस? ते बाई तुले ओळखन का? चार रोज थांब, मी घेऊन जातो." मी म्हटलं, "तुह्या बापानं मले नेलं नाई, मी तुले नेत नाई." शेवंता फाटकात उभी राहून म्हणाली, "मातीचे दिवस नाई सरले अन् निघाली फिराले." मी तिला चावी दिली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला सांगितलं.

गोंदियाहून गाडी, बालाघाट, नैनपूर, पुढं एक लहान स्टेशन. तिथून जीप. जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं आणि गाव दाखवलं, नदीच्या अंगाला. डांबरी रस्ता समोरून जात होता, पण तुम्ही मागून शिरला होतात, म्हणून मी तुरीच्या शेतातून पायवाट धरली. एवढं एकटीनं मी कधी चालले नव्हते. मांगं कोनी नाही, पुढं कोनी नाही. तुम्हाला यात काय बरं वाटत होतं, ते मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. मला तहान लागली, चप्पल घासली, आणि वाटलं की वाट चुकले. बरं काही वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या.

हापशीवर एक माणूस बैल धूत होता. त्याला म्हटलं, "फूलमती अम्मा का घर?" तुम्ही नाव सांगितलं होतं म्हणून बरं. तो थांबला. "फूलमती? आपको उसके यहाँ जाना है?" मी हो म्हटलं. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेवटच्या घराकडे हात केला. ते पाहणं मला नवीन नव्हतं. तसं पाहिलेलं मी जन्मभर ओळखते. पण तेव्हाही मला काही कळलं नाही. मी माझ्याच उजळणीत होते. हिंदीतली वाक्यं मी गाडीत पाठ केली होती.

ती अंगणात बसून बांबू चिरत होती. बारकीशी बाई, केस पांढरे, हात मात्र भराभर चालत होते. ओट्यावर नवीन टोपल्या रचल्या होत्या. मी कुंपणाबाहेरूनच सुरुवात केली. "अम्मा, पिछले साल जाड़े में आपके यहाँ एक बाबा रुके थे. सफेद कपड़ा. आपने खाना खिलाया. फिर वो पुल चढ़ गए. मैं उनकी घरवाली हूँ."

तिचा हात थांबला. उठली, माझ्याजवळ आली, पण कुंपणाच्या आतच उभी राहिली. "वो बाबा अच्छे हैं?"

"नहीं," मी म्हटलं. "गुजर गए. अभी, इसी महीने."

आणि ती मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी कपाळ बडवत म्हणाली, "मेरे कारन. मेरे ही कारन हुआ."

मला वाटलं, भाषेत माझी काहीतरी गडबड झाली. मी म्हटलं, "नहीं अम्मा, दिल का दौरा था." ती ऐकेना. "हम बसोड़ हैं, बाई. हमारे हाथ का कौन खाता है यहाँ? परकम्मावाले सब आगे मंदिर में रुकते हैं. हमारे दुआरे कोई नहीं आया कभी. वो पीछे से आए, पहला घर हमारा पड़ा. मैंने सोचा, बता दूँगी. फिर सोचा, बता दिया तो उठ जाएँगे. नहीं बताया. रोटी खिला दी. सबेरे किसी ने बता दिया होगा उनको. इसीलिए पुल चढ़ गए, परकम्मा तोड़ दी. पूरा गाँव बोला, फूलमती ने बाबा को भ्रष्ट कर दिया. पंचों ने बुलाया. अब नदी पे भी सबके बाद नहाती हूँ." मग परत तेच, "और अब वो मर गए."

अवो, मी तिथं कुंपणाला धरून उभी होते. सगळी पाठ केलेली वाक्यं गेली. वर्षभर तुम्ही इकडे जळत होतात की मी माझी जात लपवून तिचं खाल्लं, आणि वर्षभर ती तिकडे जळत होती की तिनं तिची जात लपवून तुम्हाला खाऊ घातलं. दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली. आणि शिक्षा तिनं भोगली, कारण तुम्ही पुलावरून हात हलवून निघून आलात.

मी आत गेले, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि मिळेल त्या भाषेत सांगितलं. तिला पहिल्यांदा समजलंच नाही. तीन-तीनदा सांगावं लागलं. "अम्मा, वो परिक्रमावाले नहीं थे. हम बौद्ध हैं. हमारे बापदादा महार. हमको भी लोग पानी ऊपर से डालते थे. वो बोधगया जा रहे थे. उनको नदी पार करनीच थी. वो डर गए कि आपको मालूम पड़ेगा तो आप थाली फेंक दोगी."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "तो परकम्मा टूटी नहीं?"

"थीच नहीं, तो टूटती कैसे?"

"और जहाँ जाना था, वहाँ पहुँचे?"

"पहुँचे," मी म्हटलं. "झाड़ के नीचे बैठ के सबसे पहले आपका ही नाम लिया."

तिनं पदर तोंडावर घेतला आणि रडली. माझ्या नवऱ्यासाठी एक अनोळखी बाई माझ्यादेखत पोटातून रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, प्रशिकच्या फिरवला तसा. मला अजूनही काही येत नव्हतं. मी हापशीवरच्या त्या माणसाचा विचार करत होते. जाताना त्याला आणि त्याच्या पंचांना सगळं सांगून जायचं, हे मी ठरवलं होतं. सांगितलंही. ते काय म्हणाले, ते पुन्हा कधीतरी लिहीन, आत्ता त्याला महत्त्व नाही. एवढंच सांगते, की मी आवाज खाली केला नाही.

जेवणाची वेळ झाली तेव्हा ती कसनुशी होऊन म्हणाली, "खाओगी?" मी म्हटलं, "आप भी बैठो तो." तिनं दोन थाळ्या मांडल्या. जेवता जेवता मी तुमचा प्रश्न विचारला, तुमच्याच शब्दांत, कारण त्यासाठीच मी आले होते. "वो बता देते, तो आप पानी डालती?"

तिनं घास तोंडात टाकला, चावला, गिळला. म्हणाली, "बता देते तो मैं भी बता देती. उस दिन वो अकेले खाए, मैं दूर खड़ी रही. बता देते तो साथ में बैठ के खाते."

एवढंच उत्तर होतं. मी ज्याला भीत होते, ज्यापासून तुम्हाला वर्षभर अडवत होते, ते एवढंच होतं. अडवलं ते मला चूक वाटत नाही अजून. दहांतल्या नऊ दारांआड मी म्हणते तेच असतं. पण तुम्ही ज्या दारी गेला होतात, ते दहावं होतं, आणि तुम्ही जाऊन विचारलं असतं तर ती बाई तेव्हाच मोकळी झाली असती. तुम्हीही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. बालाघाट गेलं, नदी गेली, आपली धानाची मोकळी शेतं सुरू झाली. मी मनातल्या मनात सगळं रचत होते. आधी बांबूचं सांगायचं, मग ती मटकन बसली ते, मग जेवताना काय म्हणाली ते सगळ्यात शेवटी. तुम्ही मधेच बोलून मजा घालवाल, म्हणून आधीच बजावून ठेवायचं. आणि मग मान्य करायचं. इतक्या वर्षांत एकाही भांडणात मी हार मानली नव्हती. तुम्ही कसे पाहाल, काही न बोलता कसे मिशीत हसाल, आणि मला राग येईल, हेही ठरलं होतं.

शेवंताकडून चावी घेतली. फाटक उघडलं, चप्पल काढली, थैली ओट्यावर ठेवली आणि मोठ्यानं म्हटलं, "अवो, जितलात तुमी!"

अंगणात कोंबड्या होत्या. तुम्ही मेला आहात, हे मला तेव्हा कळलं.